फवारणी आणि शुगर, काही संबंध असतो का? द्राक्षवाले, कापूसवाले, डॉक्टर लोक सगळ्यांनी सांगा

बागायतदार_तासगाव
राम राम मंडळी. इथं शेतकरी बरेच आहेत आणि एकदोन डॉक्टर पण आहेत म्हणून विचारतोय. धाकटा भाऊ, वय ३८, अंगानं काटक, पोट नाही, घराण्यात कुणाला शुगर नाही. विम्यासाठी तपासणी केली तर उपाशीपोटी १७४ आणि ती तीन महिन्यांची काय असते एचबीएवनसी ती साडेआठ. दोनदा केली, दुसऱ्या लॅबला पण तेच. डॉक्टर म्हणाले भात बंद, गोड बंद, रोज चाला. आता जो माणूस सकाळी सहापासून बागेत असतो त्याला अजून किती चालवायचा. तंबाखू विचारली, दारू विचारली, पण धंदा काय करता हे काय विचारलं नाही.

आमची बाग आहे, गोडी छाटणीनंतर वातावरण बिघडलं की डाऊनी, भुरी हे बुरशीचे रोग, थ्रिप्स ही कीड, काय ना काय चालूच असतं, ढगाळ राहिलं तर एक दिवसाआड ट्रॅक्टर बाहेर. ब्लोअरवर (ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्रावर) भाऊच असतो, गेली पंधराएक वर्षं तोच. केबिन वगैरे नाही, टोपी आणि तोंडाला टॉवेल. मिलीबग किडीसाठी खोडाला औषध घालायचं ते पण तोच, हातमोजे घालून बाटली उघडता येत नाही म्हणतो. आमच्या गल्लीतच बागवाले अजून तिघं शुगरचे निघालेत, सगळे चाळीसच्या आतबाहेर. योगायोग का औषधाचा परिणाम? उगाच घाबरवू नका पण खरं असेल ते सांगा.

निसर्गवेडा
भाऊ उत्तर सोपंय, विष खाल्लं तर आजार होणारच. रासायनिक बंद करा, मी एक काढा सांगतो तो २१ दिवस घ्या, रक्तातली सगळी औषधं निघून जातात आणि शुगर पण मुळापासून...

उगाच_शंका
झालं सुरू. काढा कुठल्या तपासणीनं सिद्ध झालाय ते सांगा आधी, नाहीतर दुसरा धागा काढा.

@बागायतदार, चौघं बागवाले शुगरचे निघाले यावरून काहीच कळत नाही हो. आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास २०२३ ला आला, त्यात देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे असा अंदाज आहे. शहरात १६.४ टक्के, खेड्यात ८.९ टक्के. औषधामुळे शुगर होत असती तर उलट दिसायला पाहिजे होतं ना, खेड्यात जास्त. आणि सगळ्यात वर कोण तर गोवा, २६.४ टक्के. गोव्यात कुठल्या द्राक्षबागा आहेत?

पणजीकर
आमका कित्याक मध्ये ओढता 😄 आमच्याकडे पाव, भात, बसून काम आणि म्हातारी माणसं जास्त, त्याचा तो आकडा आहे. पण तुमचा तर्क मला नाही पटला. शहरात शुगर जास्त असण्याची कारणं वेगळी आहेत म्हणून खेड्यात औषधाचा काही हातच नाही असं कसं ठरतं? फवारणारा आणि न फवारणारा एकाच गावातले घेऊन बघायला पाहिजेत.

डॉक्टर_गावाकडचे
पणजीकर म्हणतात तसा अभ्यास झालेला आहे, आणि तोही आपल्याच देशात. मदुराई कामराज विद्यापीठाच्या लोकांनी मदुराईजवळच्या खेड्यांत ३५ वर्षांवरच्या ३,०८० लोकांची तपासणी केली, २०१७ साली जीनोम बायॉलॉजी या मासिकात छापून आलं. ज्यांचा ऑर्गॅनोफॉस्फेट (फॉस्फेटवाल्या कीटकनाशक) औषधांशी थेट संबंध येतो त्यांच्यात मधुमेह १८.३ टक्के, ज्यांचा येत नाही त्यांच्यात ६.२ टक्के. रक्तात औषधाचा अंश जितका जास्त तितका मधुमेहाशी मेळ जास्त.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी उंदरांना मोनोक्रोटोफॉस हे याच गटातलं औषध सहा महिने थोडं थोडं दिलं. उंदरांची साखर हाताळायची ताकद बिघडली. मग त्या उंदरांच्या आतड्यातले जंतू दुसऱ्या, औषध न दिलेल्या उंदरांत घातले तर त्यांचीही बिघडली. म्हणजे आतड्यातले जंतू हे औषध फोडून खातात, त्यातून अॅसिटिक आम्लासारखे पदार्थ तयार होतात आणि शरीर त्यापासून नवी साखर बनवायला लागतं. आपण गोड खाऊ न खाऊ, साखर आतूनच तयार होते.

आणि गंमत म्हणजे (गंमत नव्हे खरं तर) या औषधांचा जो नेहमीचा परिणाम, कोलीनएस्टरेज नावाचं एन्झाइम दाबणं, तो या उंदरांत अगदी नावापुरता होता. ना लाळ, ना चक्कर, ना उलटी. त्यामुळे "मला फवारताना कधी काही झालं नाही" हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकतो आणि त्याने माझं समाधान होत नाही.

उगाच_शंका
उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि ते १८ विरुद्ध ६ एकाच वेळी घेतलेलं चित्र आहे, आधी औषध का आधी शुगर हे त्यातून कळत नाही. फवारणारे वयानं मोठे असतील, गरीब असतील, दारू पीत असतील.

डॉक्टर_गावाकडचे
बरोबर आहे, एका पाहणीवर मी कुणाला निकाल देणार नाही.

आयोवातला_मराठी
इथे माझं काम निघालं वाटतं. मी मूळ बारामतीचा, आता डी मॉइनजवळ असतो, मक्याच्या समुद्रात. इथे आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनात १९९३ पासून शेतकऱ्यांवर एक भलामोठा अभ्यास चालू आहे, अॅग्रिकल्चरल हेल्थ स्टडी म्हणतात. इथे जहाल औषध मारायला लायसन लागतं, त्या लायसनवाल्यांनाच धरलंय, कुठलं औषध, वर्षात किती दिवस, किती वर्षं, सगळं लिहून घेतलं आणि मग काही वर्षांनी विचारलं की आता शुगर निघाली का. म्हणजे शंकासाहेबांचा "आधी काय" हा प्रश्न इथे बराचसा मिटतो.

२००८ चा निकाल असा की ३३ हजारांवर फवारणारे, त्यात ११७६ जणांना नवीन मधुमेह, आणि तपासलेल्या पन्नास औषधांपैकी सात औषधांशी संबंध दिसला. आल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर, डायक्लोरव्हॉस, ट्रायक्लोरफॉन, अॅलाक्लोर, सायनाझिन. पहिली तीन जुनी क्लोरीनवाली, मधली दोन ऑर्गॅनोफॉस्फेट, शेवटची दोन तणनाशकं. वय, वजन धरून हिशोब केलाय.

२०१४ ला शेतकऱ्यांच्या बायकांचा वेगळा निकाल आला, ज्या स्वतः औषध कालवतात किंवा मारतात अशा १३ हजारांवर बायका. त्यात फोनोफॉस, फोरेट, पॅराथिऑन, डिल्ड्रिन आणि एक जुनं तणनाशक असं दिसलं.

उगाच_शंका
पन्नास तपासली तर दोनतीन नुसत्या योगायोगानं लागतात हो. आकडेशास्त्र आहे ते.

आयोवातला_मराठी
दोनतीन. सात नाही. आणि पुरुषांत वेगळी नावं, बायकांत वेगळी नावं आली तरी घराणी तीच आहेत, क्लोरीनवाली आणि फॉस्फेटवाली. बाकी तुमचं चालू द्या.

कृषीकेंद्र_काउंटर
मी दुकानदार, म्हणजे इथला व्हिलन मीच 🙏 पण यादी वाचून सांगतो. डायक्लोरव्हॉस, ट्रायक्लोरफॉन, अॅलाक्लोर, फोरेट (आपल्याकडं जुनी माणसं थायमेट म्हणतात तेच), फॉस्फॅमिडॉन आणि ट्रायझोफॉस ही सहा केंद्र सरकारनं २०१८ च्या आदेशानं बंद केली, ३१ डिसेंबर २०२० पासून. त्याच आदेशात बारा औषधं लगेच बंद झाली होती. एंडोसल्फान तर सुप्रीम कोर्टानं २०११ लाच थांबवलं. मोनोक्रोटोफॉस भाजीवर कधीचंच चालत नाही आणि ३६ टक्क्यावालं २०२३ च्या बंदीच्या आदेशात आलं. तेव्हा अमेरिकेतल्या यादीतली जी आपल्याकडं जोरात होती ती आता कागदावर तरी नाहीत. पण शेतकरी आला की पहिलं वाक्य काय असतं सांगू? "वास येणारं द्या, बिनवासाच्या औषधाला किडी हसतात." आणि गोठ्यात जुने अर्धे डबे प्रत्येकाच्या असतात, ते कोण तपासणार.

डब्यावर चौकोनात त्रिकोण असतो तो बघत चला. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे प्यायला चालतं असं नाही, हे पण सांगावं लागतं.

वऱ्हाडी_मिरची
मी यवतमाळ जिल्ह्यातली. तुम्ही लोक टक्के टक्के करून राहिले, आमच्याकडं २०१७ साली काय झालं ते विसरले का. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, उकाडा असा का अंगातून पाणी निथळे, आन् दोनतीन औषधं एकात एक कालवून मारत होते. वीसच्या वर माणसं गेली आन् शेकड्यानं दवाखान्यात भरती. तेव्हा सगळे टीव्हीवाले आले. दोन महिन्यांनी कोणी नाही.

माझा प्रश्न येगळा आहे. बाया फवारत नाहीत म्हणतात. पण पाणी कोण आणते? बादलीत औषध काडीनं कोण हलवते? ते कपडे कोण धुते? माझ्या सासऱ्याले शुगर आहे, गोळी चालू आहे, आन् तेही पंप घेऊन जातात. सकाळी गोळी घ्यायची, चहा प्यायचा आन् निघायचं, जेवण अकराला. परवा घाम सुटला, हात कापायले लागले, बोलणं बरळल्यासारखं. आता हे शुगर कमी झाली म्हणून का औषध लागलं म्हणून, आम्हाले काय कळते? शेजारचा म्हणे साखर द्या, दुसरा म्हणे काही देऊ नका.

डॉक्टर_गावाकडचे
ताई, फार मोलाचा प्रश्न विचारलात, शहरातल्या डॉक्टरला पण चटकन सुचणार नाही.

शुगर कमी होते तेव्हा घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, बरळणं. फॉस्फेटवालं औषध लागतं तेव्हाही घाम आणि बरळणं, पण त्याच्या जोडीला तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, उलटी, पातळ जुलाब, कधी कपड्यातच लघवी, अंगावर मांस उडल्यासारखं फडफडणं. आणि डोळ्याची बाहुली बघा, औषध लागलेलं असेल तर ती बऱ्याचदा टाचणीच्या टोकाएवढी होते.

घरात ग्लुकोमीटर असेल तर एक थेंब रक्त काढा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळत असेल, तर साखरपाणी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. विषबाधेत साखर उलट वाढलेली सापडते, दोनशे तीनशे सुद्धा, कधी लघवीत पण येते, आणि मग एखादा नवखा डॉक्टर त्याला मधुमेहाचा झटका समजून बसतो. ही साखर पुष्कळांची काही दिवसांत उतरते. पण उतरली म्हणून विषय सोडू नका, तीन महिन्यांनी परत तपासा.

संशय असेल तर अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, धुणाऱ्यानं हातमोजे घाला, आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन दवाखान्यात या. बाटली आणली तर आमचा अर्धा तास वाचतो. अॅट्रोपिन हा उतारा कशावर द्यायचा आणि कशावर नाही हे त्यावरून ठरतं.

सासऱ्यांचं दोन गोष्टींनी बघा. गोळी घेतली की जेवल्याशिवाय शेतात जायचं नाही. आणि शुगर जुनी असेल तर पायाला मुंग्या, बधिरपणा असतो, भेगा पडलेल्या कळत नाहीत, त्या भेगांतून औषध सरळ आत जातं. अनवाणी तर अजिबात नको.

वऱ्हाडी_मिरची
गोळी घेतल्यावर जेवण. हे सांगाले कोणी नव्हतं बापा. पायाच्या भेगा तर अशा आहेत का रुपया मावते.

भिवाजी_ऊसवाला
आमच्याकडं उसात टू-फोर-डी मारतो तणाला. कुणीतरी म्हणलं व्हिएतनाममध्ये हेच होतं आणि तिकडच्या सैनिकांना शुगर झाली, सरकार पैसे देतंय. खरं का?

आयोवातला_मराठी
अर्धं खरं. तिथं युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंजमध्ये दोन तणनाशकं अर्धी अर्धी होती, टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी. डायॉक्सिन नावाचं जे खरं विष होतं ते दुसऱ्यात बनवताना तयार व्हायचं. अमेरिकेत २००० साली तज्ज्ञांच्या समितीनं डायॉक्सिन आणि टाइप टू मधुमेह यांच्यात मर्यादित पण सूचक पुरावा आहे असं म्हटलं आणि २००१ पासून तिकडे सेवा केलेल्या सैनिकांना मधुमेहासाठी भरपाई लागू झाली. तुमच्या डब्यातलं म्हणजे तेच असं नाही. हातमोजे मात्र घालाच.

उगाच_शंका
बघा, "मर्यादित". शास्त्रज्ञ स्वतः सांभाळून बोलतात आणि इथे आपण निकाल लावून मोकळे. उद्या कुणी इन्शुलिन सोडून नुसती सेंद्रिय भाजी खायला लागला तर जबाबदार कोण?

डॉक्टर_गावाकडचे
गोळ्या, इन्शुलिन कुणीही सोडायचं नाही, कारण काही निघो. त्यावर आपलं दोघांचं एकमत. पण औषध स्वादुपिंडापर्यंत पोचूच शकत नाही असं कुणाला वाटत असेल तर एक जुनी केस सांगतो. अमेरिकेत १९७५ ला व्हॅकॉर नावाचं उंदीर मारायचं औषध बाजारात आलं. काही लोकांनी ते जीव द्यायला खाल्लं. जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांना थोड्याच दिवसांत इन्शुलिन लागेल असा मधुमेह झाला, कारण त्या औषधानं इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मारल्या होत्या. १९७९ ला ते मागे घेतलं. ते गिळलेलं होतं, फवारलेलं नव्हे, आणि तुमच्या बागेत ते नाही. पण रसायन तिथं जाऊन काम करतं हे त्यातून पक्कं कळलं. आपल्या गोठ्यातलं उदाहरण हवं तर जनावराच्या गोचिडाला लावतात ते अमिट्राझ. चुकून पोटात गेलं तर साखर वाढते, इन्शुलिन सुटायचं थांबतं म्हणून.

@बागायतदार, आता तुमच्या भावाबद्दल. द्राक्षात तुम्ही जे सगळ्यात जास्त मारता ती बुरशीनाशकं, त्यांच्याबद्दल पुरावा किडीच्या औषधांइतका नाही. मिलीबगला खोडात काय घालता? क्लोरपायरीफॉस असेल तर ते फॉस्फेटच. आणि बाटली उघडून मापून कालवताना हाताला जे लागतं ते ड्रममधल्यापेक्षा कितीतरी पट घट्ट असतं. बहुतेक औषध नाकातून नाही, कातडीतून जातं. हात, मनगट, मांडीवर सांडलेलं, ओली पँट. तोंडाला टॉवेल बांधला की माणसाला वाटतं झालं संरक्षण, तो टॉवेलच भिजून गालाला पोल्टिससारखा बसतो.

पण औषधावर ढकलून बाकीचं सोडू नका. ३८ वर्षं, बारीक अंग, घराण्यात नाही, म्हणजे मी आधी टाइप वनचा उशिरा येणारा प्रकार आहे का ते बघेन, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतं ते कळतं) आणि गॅड अँटीबॉडी (टाइप वन आहे का ते कळतं) या रक्ततपासण्या करून घ्या. वजन उतरतंय का, पोटात मागं पाठीत दुखतं का, संडास तेलकट होतं का हे विचारा, स्वादुपिंडाचे आजार असतात. हिमोग्लोबिन पण करा, ते फार कमी असेल तर एचबीएवनसी फसवते. कोलीनएस्टरेज रक्तात तपासता येतं, पण ते फवारणीच्या हंगामाआधी एकदा आणि हंगामात एकदा केलं तरच अर्थ लागतो, नुसता एक आकडा काही बोलत नाही. आणि ते नॉर्मल आलं म्हणून शुगरचा संबंध नाही असंही नाही, वर उंदरांचं सांगितलंच.

शहरी_गृहिणी
मी पुण्यातली, आम्ही तर फक्त भाजी, द्राक्षं खातो. मग आम्हाला पण धोका का? मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते मी सगळं.

कृषीकेंद्र_काउंटर
ताई तुमच्या ताटात जेवढं येतं आणि फवारणाऱ्याच्या अंगावर जेवढं पडतं त्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. वाहत्या पाण्यात चोळून धुवा, वरचं निघतं, आत मुरलेलं निघत नाही. पण या धाग्याचा विषय तुमची द्राक्षं नाही, ती पिकवणारा आहे, राग मानू नका.

पणजीकर
👍 बरोबर बोललात.

बागायतदार_तासगाव
सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेबांचं लिहिलेलं प्रिंट काढून सांगलीला दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो, ते हसले नाहीत, वाचलं आणि सी-पेप्टाइड लिहून दिलं, अँटीबॉडीचं सँपल बाहेर जातं, रिपोर्ट यायचाय. पोटाची सोनोग्राफी झाली, ठीक आहे. गोळी चालू केली. भावाला विचारलं खोडाला काय घालतोस, तर क्लोरपायरीफॉसच, आणि मापायला झाकण वापरतो, हात बुडतोच. आता कालवायचं काम मोजे घातल्याशिवाय नाही असं आईनंच दम देऊन सांगितलंय, माझं ऐकलं नसतं. कपड्याचा वेगळा जोड गोठ्यातच ठेवायचा, घरच्या धुण्यात टाकायचा नाही, वहिनीनं तर हा नियम लगेच लागू केला.

एकच अडचण. ते प्लॅस्टिकचं किट घालून ऑक्टोबरच्या उन्हात माणूस अर्धा तास टिकत नाही. आणि दुकानात मिळतात ते पातळ मोजे दोन वापरात फाटतात. डॉक्टर काय वापरा म्हणता?

डॉक्टर_गावाकडचे
पूर्ण किट जमत नसेल तर निदान कालवताना नायट्रिल रबराचे जाड, कोपरापर्यंतचे मोजे, पुढे प्लॅस्टिकचा एप्रन, डोळ्याला गॉगल आणि गमबूट, पँट बुटाच्या बाहेरून. कापडी किंवा चामड्याचे मोजे नकोत, ते पिऊन घेतात आणि दिवसभर हाताला लावून ठेवतात. फवारणी पहाटे किंवा संध्याकाळी, वाऱ्याकडं पाठ. मोजे काढायच्या आधी मोज्यासकट हात धुवा, मग काढा. तंबाखू मळायची तर हात साबणानं धुतल्यावर, खरं तर मळूच नका पण मी किती सांगणार.

वऱ्हाडी_मिरची
आमच्या इकडं हे नायट्रिल कुठं भेटते? दवाखान्यातले पांढरे चालतात का?

कृषीकेंद्र_काउंटर
दवाखान्यातले नकोत, ते लॅटेक्सचे पातळ असतात. हिरवे जाड येतात, केमिकलच्या कारखान्यात वापरतात ते. हार्डवेअरवाल्याकडं किंवा सेफ्टीचं सामान विकणाऱ्याकडं मागा, जोडी हंगामभर जाते. माझ्याकडं पण ठेवतो पण खरं सांगू, महिन्यात दोन जोड्या खपत नाहीत. तासगावला लागले तर मेसेज करा, पुढच्या गाडीत मागवतो, साइज सांगा, आपल्या लोकांना मोठा लागतो.